तहानलेला चुना

मी तंजावरच्या एका माजघरातला चुन्याचा थर आहे. मित्रांनो, भिंतीवर मी गुपचूप बसलेला दिसतो, पण माझ्यावर इतका विश्वास ठेवू नका.

आधी मी चुनखडीचा दगड होतो. भट्टीत तापल्यावर माझ्यातला वायू निघून गेला, जणू कोणी श्वासच काढून घेतला. मी हलका, पांढराफटक कळीचा चुना झालो. तेव्हापासून मला पाण्याची तहान लागली. पाणी मिळालं की मी निखाऱ्यासारखा तापतो.

एकोणीसशे अठ्ठावन्न साली, भोगीआधी भिंती रंगवायला गुरुराजनं मला गोणीतून घरी आणलं. "अम्मा, ह्याला पाणी लावू नक्को," एवढंच सांगून तो कचेरीला गेला. का, ते सांगितलं नाही. त्याची आई वेंकूबाई सोवळ्यात होत्या. त्या घरात बाजारचा कुठलाही जिन्नस पाणी शिंपडल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे.

"अंगडीतलं तसंच आत घ्यायचं कां? चार थेंबांनं काय होतंय!" असं म्हणत त्यांनी शिंपडायला सुरुवात केली आणि मन भरेना म्हणून तांब्या रिकामा केला. काहीच झालं नाही. त्या हसल्या. मग गोणी ओढत माजघरात नेऊन वाळलेल्या झावळ्यांवर ठेवली. शेजारी पाळण्यात नात कृष्णवेणी निजली होती.

मी लगेच तापत नाही, हेच माझं वाईट. आतल्या आत मी फुगू लागलो. शिवण उसवली, वाफ आली, मग झावळ्यांचा धूर. बाळ खोकलं. मला फार भीती वाटली, पण चुन्याला थांबता येत नाही.

सून सरोजा घागर घेऊन धावली. वेंकूबाईंना आता लेकाचे शब्द आठवले. "पाणी नक्को! पोरीला घे!" त्या किंचाळल्या आणि गोणी अंगणाकडे ओढू लागल्या. गोणी फाटली. उकळता मी त्यांच्या डोळ्यांत उडालो.

पोर वाचली. वेंकूबाईंचे डोळे गेले.

उरलेला चुना हौदात विझवून या भिंतीला लावला, तोच मी. गेलेला वायू हवेतून परत घेत घेत मी पुन्हा दगड झालो. आता माझ्यावर घागर ओता, काही होणार नाही. पण मित्रांनो, कळीचा चुना घरी आणलात तर कोरडा आणि मुलांपासून लांब ठेवा. आणि नुसतं 'नको' म्हणू नका, का ते सांगा.

कृष्णवेणी आता शाळेत जाते. रोज सकाळी वेंकूबाई तिच्यासोबत मला चाचपत विहिरीकडे निघतात. वाटेत थांबून तळवा माझ्यावर टेकतात.

"गार आहे," त्या नातीला सांगतात, "आता तू हात लाव."