जीवरामकडे होडीने

प्रेमराजने वरणगावच्या घरासमोर होडी बांधायला घेतली, तेव्हा कोकिळाला आधी वाटलं, नवरा गुरांसाठी गव्हाण करतोय. घरी गोठा नव्हता, गुरंही नव्हती, पण निवृत्त माणसाचं काही सांगता येत नाही. दीपनगरच्या वीज केंद्रात त्याची सगळी नोकरी झाली होती. यंत्रांच्या घरघरीत इतकी वर्षं काढल्यामुळे हळू बोललेलं त्याला ऐकू येत नसे आणि मोठ्याने बोललेलं तो मनावर घेत नसे.

हे खूळ त्याने रत्नागिरीकडून आणलं होतं. दोघं एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला गेले होते. तिथे खाडीकाठी एक म्हातारा कारागीर जुन्या घडणीची शिडाची होडी बांधत होता. प्रेमराज हळदीच्या सकाळी त्याच्यापाशी जाऊन बसला, तो वरात निघायच्या वेळेला उठला. त्या लग्नाच्या एकाही फोटोत तो नाही. कोकिळा मात्र सगळ्या फोटोंत आहे आणि सगळ्यांत इकडेतिकडे बघते आहे.

"आपल्याकडे समुद्र नाही," तिने परतीच्या गाडीत त्याला आठवण करून दिली.

"हतनूरचं धरण आहे की. एवढं पाणी पडलंय."

"पडलंय तर पडू द्या."

पण त्याने ते पडू दिलं नाही. सागाच्या फळ्या आल्या. मग होडीच्या फासळ्यांसाठी तो बाभळी शोधत शेतोशेत हिंडला. लोक त्याला सरळ लाकूड दाखवत आणि हा वाकडंच मागे. "चांगलं वाकडं द्या," असं म्हणणारं गिऱ्हाईक गावाने पहिल्यांदाच पाहिलं. मदतीला त्याचा मित्र हाशम होता. हाशमचा धंदा दारं, खिडक्या आणि पलंगांचा. त्याने जन्मात होडी केली नव्हती, पण नाही म्हणायची त्याला सवयही नव्हती.

"हाशमभाई, कडी-कोयंडा कोणत्या बाजूला लावताय?" चहा देताना कोकिळा विचारायची.

"वो सबसे आखिर में, भाभी," हाशम गंभीरपणे सांगायचा. चेष्टा त्याला चहा संपल्यावर कळायची.

फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरायची वेळ आली. तेल आणि राळ लावलेला कापूस बसला की पाणी आत येत नाही, असं रत्नागिरीच्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं. कापूस कोकिळाच्या माहेराहून, धरणगावहून आला. त्याच्या लांब वाती वळायला माणूस हवं होतं. प्रेमराजला ते काम येईना. त्याने वळलेली वात दोरीसारखी नाही, सुरवंटासारखी दिसे. शेवटी कोकिळाच पाटावर बसली.

"एवढ्या वाती मी देवापुढे लावल्या असत्या ना..."

"तर काय झालं असतं?"

"तर तुम्हाला हे सुचलंच नसतं."

होडी पूर्ण झाली. ती थोडी जाडजूड होती आणि मागून पाहिलं तर आडव्या पाडलेल्या कपाटासारखी दिसत होती. ट्रॉलीवरून तिला धरणाच्या पाण्यावर नेलं. ती बुडाली नाही, याचं सर्वांत जास्त नवल हाशमला वाटलं. त्यानंतर दर रविवारी प्रेमराज आणि हाशम शीड उभारून वारा नेईल तिकडे जात आणि मासेमारी करणाऱ्या कोणाच्या तरी नावेला दोर बांधून परत येत. कोकिळा काठावर डबा घेऊन बसे. होडीत पाय ठेवायला तिने साफ नकार दिला होता. "मला जमिनीची सवय आहे," ती म्हणायची.

असंच चालू राहिलं असतं, पण मध्येच एक साखरपुडा आला. तिथे प्रेमराजचा चुलतभाऊ जीवराम भेटला. चांगदेवच्या अलीकडे, धरणाच्या फुगवट्याच्या काठी त्याचं गाव होतं आणि तिथे त्याने नवं घर बांधलं होतं. जीवरामला पंगतीत मोठ्याने बोलायची आवड.

"काय वहिनी, जहाज मुंबईला कधी निघतंय? दादाला टोपी घालून टोकाला उभा करा! आम्ही आरती घेऊन येतो."

सगळी पंगत हसली. कोकिळाही हसणार होती, कारण याहून चांगले विनोद तिने स्वतः केले होते. पण तिचं लक्ष प्रेमराजकडे गेलं. तो सगळ्यांबरोबर हसला आणि मग पानातल्या भाताकडे बघत राहिला. भात कालवून झाला होता, तरी तो कालवतच होता.

कोकिळाचं डोकं फिरलं. राग आला की तिच्या तोंडून माहेरची बोली निघायची.

"हाशी ल्या बठ्ठा!" ती म्हणाली. "तुमना नवा घर आम्ही होडीमा बशीसनच येसूत!"

नव्या घरी होडीत बसूनच येणार, हे पंगतीच्या शेवटच्या पानापर्यंत ऐकू गेलं. जीवरामने संधी सोडली नाही. "मग ठरलं. वास्तुशांतीला. मी घाटावर बँड उभा करतो!"

घरी येताना प्रेमराज हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिला. मग म्हणाला, "तू खरंच बसणार?"

"बोलून बसले ना."

"तुला पोहता येत नाही."

"आणि तुम्हाला होडी थांबवता येत नाही. चालायचंच."

वास्तुशांती फाल्गुनात होती. ऊन चढल्यावर पश्चिमेचा वारा सुटतो, तो थेट जीवरामच्या गावाकडे नेतो, असं प्रेमराजने हिशेबाने सांगितलं. हाशमला लग्नाच्या पलंगाची घाई होती, त्यामुळे होडीत दोघंच. मुलाने, भूषणने, जळगावहून फुगीर नारिंगी जॅकेटं आणून दिली होती. कोकिळाने नव्या पैठणीवर ते जॅकेट चढवलं, आरशात पाहिलं आणि पुन्हा आरशाकडे गेली नाही.

पहिला काही वेळ तिने होडीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि डोळे मिटून घेतले. मग शीड भरलं. डोलकाठी एकदा करकरली आणि होडी निघाली. कोकिळाने डोळे उघडले. इंजिन नाही, भोंगा नाही. नुसतं पाण्याचं खळखळणं, आणि लांब काठावर मागे सरकणाऱ्या केळीच्या बागा.

"बरं वाटतंय," ती पुटपुटली.

"मला माहीत होतं," प्रेमराज म्हणाला.

ती चमकून वळली. इतकं हळू बोललेलं याने ऐकलं कसं? घरी दूध उतू जातंय हे तीनदा ओरडून सांगावं लागतं.

जीवरामचा घाट दिसू लागला. खरोखर बँड होता. लाल डगले घातलेली माणसं उन्हात ताटकळत उभी होती. होडी दिसताच त्यांनी जोरात सुरुवात केली. बायका पुढे सरसावल्या. फेटा बांधलेला जीवराम शेवटच्या पायरीवर हात जोडून उभा होता.

"आता शीड खाली घेतो," प्रेमराज म्हणाला आणि दोर सोडला. शीड खाली आलं नाही. त्याने दोर ओढला, झटकला, त्याला नावं ठेवली. वर कुठेतरी गाठ अडकली होती. वाऱ्याला कोणाच्या वास्तुशांतीचं सोयरसुतक नव्हतं.

होडी घाटासमोरून तशीच पुढे निघाली. कोकिळाला काय करावं सुचेना, म्हणून तिने निवडणुकीच्या मिरवणुकीतल्या उमेदवारासारखे हात जोडले आणि घाटावरच्या सगळ्यांना डावीकडून उजवीकडे नमस्कार केला. लोकांनीही केला. बँडवाले वाजवता वाजवता माना वळवत राहिले. जीवराम फेटा सांभाळत काठाने पळत सुटला. "दादा! इथे! इथे आहे घर!"

"दिसतंय!" प्रेमराज ओरडला.

पुढच्या वळणावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला होता. होडी त्यात शिरली, हळू झाली, आणि थांबली. वर शीड फडफडत होतं. एक बगळा उडाला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग कोकिळाला असं हसू फुटलं की जॅकेट वरखाली होऊ लागलं. प्रेमराजही हसायला लागला, पोट धरून.

जीवराम पांढऱ्या पँटीसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरून आला.

"वहिनी, शब्द खरा केलात," तो धापा टाकत म्हणाला.

"भाऊजी, तुमच्या घाटाला ब्रेक नाही."

वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी खाताना जीवराम त्या दिवशी कोणाची चेष्टा करण्याच्या मनःस्थितीत नव्हता. उलट जेवण झाल्यावर तो प्रेमराजला बाजूला घेऊन शीड कसं बांधतात ते विचारत होता. होडी घाटाला ओढून आणलेली होती, तिच्या डोलकाठीला शिडी लावून दोघांनी गाठ कुठे अडकली ते पाहिलं आणि ती सोडवली. परतीसाठी त्याने ट्रॅक्टर देऊ केला.

"आलो तसे जाऊ," कोकिळा म्हणाली. प्रेमराजने तिच्याकडे बघितलं. परत जायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर, नागमोडी, या काठावरून त्या काठाकडे. शीड त्याच्या हातात राहणार, म्हणजे सुकाणू कोणीतरी दुसऱ्याने धरायला हवं.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"डावीकडे!" थोड्या वेळाने तो ओरडला.

"कोणाच्या डावीकडे?"

"होडीच्या!"

"तिचं तोंड कुठे आहे ते आधी सांगा!"

काठावरचं एक चिंचेचं झाड त्यांना परत परत भेटत राहिलं. पण मग हळूहळू कोकिळाच्या हाताला काहीतरी कळू लागलं. होडी वळायच्या आधी सुकाणू तळव्याला किंचित ढकलतं. तेवढ्यात आपण ढकललं की ती झटक्यात फिरते. एका वळणाला प्रेमराजने काही सांगायच्या आतच तिने होडी फिरवली. तो तोंड उघडं ठेवून बसला. चिंचेचं झाड मागे पडलं ते पुन्हा दिसलं नाही.

सूर्य कलला तसा वारा पडला. त्यांनी वल्ही मारून होडी एका मळ्याच्या काठाला लावली. मळेवाल्या कमलबाई वरणगावच्या बाजारातल्या ओळखीच्या होत्या. त्यांनी चहा ठेवला आणि मुक्कामाचा आग्रह केला. तेवढ्यात जीवरामचा फोन मिळून भूषण काठाकाठाने होडी शोधत गाडी घेऊन येऊन पोहोचला. तो बिचारा घाबरून आला होता.

"आई, बस गाडीत. होडी उद्या ट्रॉलीने नेऊ."

कोकिळाने पिशवी उघडली, आहेराचं पातळ आणि बट्टीचा डबा त्याच्या हातात ठेवला. "हे ने घरी. सकाळी येताना माझी सुती साडी आण आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या."

"म्हणजे तुम्ही येत नाही?"

"उद्या ऊन चढलं की वारा सुटेल," कोकिळा म्हणाली. "अर्धा रस्ता तर आलोय."

भूषणने बापाकडे पाहिलं. प्रेमराज पाण्याकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. लग्नाच्या वेळी झाले होते तसे, कोकिळाला वाटलं. मग ती होडीचा दोर नीट बांधलाय की नाही ते बघायला काठाकडे गेली. नवऱ्याच्या गाठींवर तिचा आता अजिबात विश्वास राहिला नव्हता.