पेटिग्रूच्या दुकानातल्या खुर्च्या

माझ्या लेकीचे, वर्डीचे, नवे बूट परत करायला गेले तेव्हा दुकानातल्या डनलॅपने खोक्याला हातसुद्धा लावला नाही.

"तिला चावतात," मी म्हटलं. "एक नंबर मोठा द्या."

"तिच्या पायात घातलेस ना? मग आता ते दुसरं कोण घेणार?"

पेटिग्रूच्या दुकानात आम्हा काळ्यांना बूट घालून बघायची मुभा नव्हती. घरी कागदावर पाऊल ठेवायचं, पेन्सिलीने कड आखायची आणि तो कागद कातरून न्यायचा. डनलॅप तो बुटाच्या तळाशी धरून बघायचा आणि जोड बांधून द्यायचा. पायात बसला तर बसला. हाच डनलॅप गोऱ्या बायकांना खुर्चीत बसवून, त्यांच्यापुढे गुडघे टेकून, त्यांच्या टाचा स्वतःच्या हाताने बुटात सरकवायचा. आमच्या पायांचा मात्र विटाळ. त्याच बायकांच्या चादरी आणि आतले कपडे मी लॉन्ड्रीत रोज धूत होते, त्याचा विटाळ नव्हता.

बुधवारी चर्चच्या तळघरात मी हे सांगितलं ते ओरडूनच. चर्चमधल्या मोठ्या बायांना आम्ही सिस्टरच म्हणतो; सिस्टर युला ग्रँबी शांतपणे ऐकत होत्या. अडुसष्ट वर्षांची बाई, सगळा जन्म दुसऱ्यांच्या घरची फरशी पुसण्यात गेलेला.

"आरडाओरडा करून झाला?" त्यांनी विचारलं. "मग शनिवारी जाऊ आणि बसू."

"कुठे?"

"खुर्चीत. आणखी कुठे? बूट काढायचे आणि माप घेतील याची वाट बघायची. हात कुणी उचलायचा नाही. ज्याला जमणार नाही त्याने घरी बसावं. ओझेला, हे तुझ्याकडे बघून म्हणतेय," त्या मला म्हणाल्या.

शनिवारी आम्ही बाराजणी गेलो. बूट काढले, पाय जोडून बसलो. डनलॅप लालबुंद झाला.

"ए पोरी, ऊठ तिथून!" हे तो सिस्टर युलांना म्हणाला. त्याच्या आईपेक्षा त्या मोठ्या असतील.

"साडेआठ नंबर असावा," सिस्टर युला म्हणाल्या. "तरी तुम्ही मोजून घ्या."

बातमी पसरली तशी बाहेरून टोळकं आत आलं. कुणी माझ्या मानेवर थंड कॉफी ओतली. कुणी माझ्या शेजारणीचे केस ओढले. मग कामाचे जाड बूट घातलेला एक धिप्पाड माणूस सिस्टर युलांसमोर उभा राहिला आणि हसत हसत त्याने त्यांच्या उघड्या पावलावर टाच रोवली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

पायाचं माप घ्यायची लोखंडी पट्टी माझ्या हाताशीच होती. ती कधी उचलली ते मला कळलंच नाही. सिस्टर युलांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या कपाळावर घाम फुटला होता.

"ठेव ती खाली."

"अहो, त्याने तुमचा पाय..."

"पाय माझा आहे ना? मग खाली ठेव. राग ठेव तुझ्याजवळ, तो लागणार आहे आपल्याला."

मी पट्टी ठेवली. इतकं जड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

पोलीस आले. त्यांनी त्या माणसाला सिगारेट दिली आणि आम्हाला अनवाणी गाडीत कोंबलं. आठ दिवस कोठडीत काढले. सिस्टर युलांच्या पायाचा मोडलेला अंगठा आम्ही माझ्या परकराची पट्टी फाडून बांधला, कारण डॉक्टर आलाच नाही. सुटून आले तर लॉन्ड्रीतली माझी जागा गेली होती.

पण त्या दिवसापासून गावातलं एकही काळं माणूस पेटिग्रूच्या पायरीवर चढलं नाही. ईस्टरला अख्खं चर्च जुन्या, ठिगळ लावलेल्या बुटांत आलं. आम्ही रोज दुकानासमोर पाळीपाळीने उभ्या राहायचो, पावलांच्या मापाचे कातरलेले कागद छातीवर टाचून. लोक थुंकायचे. आम्ही पुसायचो आणि उभ्या राहायचो. अकरा आठवडे! जूनमध्ये पेटिग्रूने निरोप धाडला: या, बसा.

मी आणि सिस्टर युला गेलो. डनलॅप खाली मान घालून गुडघ्यांवर बसला.

"पाय पुढे कर, पोरी."

सिस्टर युलांनी पाय मागे घेतला. "मिसेस ग्रँबी. आणि 'करा' म्हणायचं."

डनलॅपचा जबडा घट्ट आवळला होता.

"पाय पुढे करा... मिसेस ग्रँबी."

त्याने तो वाकडा जुळलेला अंगठा पाहिला आणि नजर चुकवली. माप घेतलं, जोड आणला, टाच सरकवली. जोड बरोबर बसला. सिस्टर युला उठून दोन पावलं चालल्या आणि एकदम हसल्या, पोरीसारख्या.

मला हसू आलं नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सगळ्याला मिळून चार मिनिटं लागली होती. एक खुर्ची, एक पट्टी, चार मिनिटं. एवढ्यासाठी त्यांनी एका म्हातारीचं हाड मोडलं होतं.

"तुला... तुम्हाला काय दाखवू?" डनलॅपने विचारलं.

मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, "सगळे जोड काढा."