अराहाबाकीचे पाय

मिसेस प्रॅटनी चहाचा ट्रे खाली कार्पेटवर ठेवला, भिंतीसमोर सरळ उभ्या राहिल्या, दोनदा कमरेत वाकल्या, दोन टाळ्या वाजवल्या आणि हात जोडून डोळे मिटले. निवेदिता लॅपटॉपसमोर बसली होती. तिचा हात माउसवर तसाच राहिला.

भिंतीवर देव नव्हता. ऑफिसातून आणलेला एक मोठा कागद तिथे टेपने चिकटवला होता. त्यावर मातीच्या रंगाचा, फुगीर अंगाचा एक राक्षस होता. डोळे आडव्या चिरांसारखे मिटलेले, पाय आखूड आणि जाडजूड. कोपऱ्यात चार-पाच जपानी अक्षरं. निवेदिताला ती वाचता येत नव्हती, आणि गेल्या दोन वर्षांत तशी गरजही पडली नव्हती.

"हा कागद तुझ्याकडे कुठून आला?" मिसेस प्रॅटनी विचारलं.

"कामाचा आहे. आमच्या गेममधला." निवेदिता उठून उभी राहिली. "तुम्ही ओळखता याला?"

"चित्र ओळखत नाही. आमच्याकडे त्याला चेहराच नव्हता, नुसता दगड होता. पण नाव वाचलं. अराहाबाकी. हे नाव लिहिलेलं मी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं."

निवेदिता आठल्ये मूळची पुण्याची. ॲनिमेशन शिकून दोन वर्षांपूर्वी, दोन हजार चार साली, इंग्लंडात बेसिंगस्टोकमधल्या एका छोट्या गेम कंपनीत वर्क परमिटवर आली. बिझनेस पार्कपासून बसने दहा मिनिटांवर मिसेस प्रॅटच्या घरात तिने वरची खोली भाड्याने घेतली. फुमिको प्रॅट पंचाहत्तर वर्षांच्या. उत्तर जपानमधल्या एका खेड्यात जन्मलेल्या. कोरियाच्या युद्धाच्या काळात ब्रिटिश लष्कराच्या कॅन्टीनमध्ये काम करताना डेस्मंड प्रॅट भेटले, आणि बाविसाव्या वर्षी त्या त्यांच्याबरोबर बोटीने इंग्लंडला आल्या. डेस्मंड जाऊन सहा वर्षं झाली होती. मिसेस प्रॅटची इंग्रजी हॅम्पशरच्या कुठल्याही आजीसारखी होती. त्या जपानी आहेत हे निवेदिता कधीकधी विसरूनही जायची.

त्या शनिवारी सकाळी पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. गावाबाहेर एक मोठं देऊळ होतं आणि त्याच्या मागच्या बाजूला, सरपणाच्या ढिगाशेजारी, हा दगड. तो फार जुना देव, मोठ्या देवळातल्या देवाच्याही आधीचा. ज्या लोकांचा तो देव होता ते लढाईत हरले, म्हणून त्याला मागे नेऊन ठेवला, असं त्यांची आई सांगायची. तो पायांचा देव. पाय दुखणारे, लंगडणारे, लांबच्या प्रवासाला निघणारे त्याच्यापुढे गवताच्या चपला बांधायचे. त्यांच्या धाकट्या भावाचे पाय लहानपणीच्या तापात वाळले होते. आई त्याला पाठुंगळी घेऊन दर महिन्याला तिथे जायची.

"मग तो चालायला लागला?"

"नाही. पण आईने जाणं सोडलं नाही. मी निघाले तेव्हा माझ्या नावाच्याही चपला तिने बांधल्या. मी परत यावं म्हणून. मी काही गेले नाही."

मग त्यांनी कागदाकडे पाहत विचारलं, "तुमच्या गेममध्ये हा काय करतो?"

निवेदिताच्या तोंडून निघून गेलं, "एका दरवाजाशी उभा असतो. राखण करतो."

मिसेस प्रॅटचा चेहरा उजळला. पण निवेदिताने सांगितलेलं अर्धंच खरं होतं. अराहाबाकी दरवाजाशी उभा असायचा तो मारला जाईपर्यंत. या गेमचा हा चौथा भाग होता, आणि तिन्ही जुन्या भागांत हा राक्षस येऊन मेला होता. दर वेळी तो परत यायचा आणि दर वेळी नव्या तऱ्हेने मरायचा. खेळणारे त्याचीच वाट बघायचे. या खेपेचं त्याचं मरण निवेदिताने बनवलं होतं. नायक हातोड्याने त्याचा आधी डावा पाय फोडतो, मग उजवा, आणि तो गुडघ्यांवर कोसळून मातीच्या मडक्यासारखा फुटतो. अठ्ठेचाळीस वेळा करून तिने ते जमवलं होतं. ऑफिसात सगळ्यांनी टेबलं वाजवली होती.

सोमवारी ती थेट नकुलकडे गेली. नकुल प्रोजेक्टचा प्रोड्यूसर. त्याचा जन्म लंडनच्या स्टॅनमोरचा, आईवडील सत्तरच्या दशकात मुंबईहून आलेले. निवेदिताशी तो हट्टाने मोडक्या मराठीत बोलायचा.

"नकुल, अराहाबाकी खरा देव आहे. लोक त्याला पुजतात. माझ्या लँडलेडीची आई पुजायची."

"सो? सगळे डेमन्स कुठलेतरी गॉड असतात. ती तर या सीरिजचा पॉइंटच आहे."

"आणि मी त्याचे पाय फोडलेत. तो पायांचा देव आहे."

नकुलने खुर्ची वळवली. "निवेदिता, नाव आपण दिला नाही. डिझाइन आपला नाही. जपानच्या लोकांनीच दिलंय, त्यांचीच गेम आहे. त्यांना प्रॉब्लेम नाही तर आपण कोण?"

गेम जपानी आहे हे तिला माहीत होतं, पण त्याचा हा अर्थ तिच्या डोक्यातच आला नव्हता. कुणातरी परक्याने, अडाणीपणाने हे केलं असेल असं ती धरून चालली होती. ज्यांचा देव त्यांनीच त्याला राक्षस केला, आणि मारायला बेसिंगस्टोकला पाठवून दिला.

"मागच्या वर्षी एका दुकानाने गणपती छापलेल्या चपला विकायला काढल्या तेव्हा तू काय केलंस?" तिने विचारलं.

नकुलने नजर खाली केली. "मम्मीने मला बॅनर पेंट करायला लावला. आम्ही शॉपच्या बाहेर उभे होतो, पावसात. तीन तास."

"मी ऑनलाइन सही केली होती. आणखी चाळीस जणांना मेल पाठवली."

"ट्रेलर ऑलरेडी गेली," तो म्हणाला. "तू बनवलेलीच डेथ आहे त्याच्यात. शुक्रवारपासून शॉप्समध्ये लागणार."

तिने मिसेस प्रॅटना सांगायचं ठरवलं. मंगळवारी त्यांच्याकडे पाहुणे होते, बुधवारी तिलाच धीर झाला नाही, गुरुवारी ती मुद्दाम उशिरा घरी गेली. शुक्रवारी संध्याकाळी सहाला ती घरी आली, तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला नव्हता. मिसेस प्रॅट अंगातला कोट न काढता टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात सामानाच्या पिशव्या तशाच. दुधाच्या बाटलीवरून पाण्याचे ओघळ टेबलावर आले होते.

"बरं नाही का वाटत?" निवेदिताने विचारलं.

"शॉपिंग सेंटरमध्ये त्या गेमच्या दुकानाच्या काचेत मोठा टीव्ही आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर गर्दी होती. मला लांबून तो दिसला. मला वाटलं, आपल्या घरातल्या मुलीचं काम आहे, जाऊन बघावं. मी पुढे गेले. लोकांनी मला वाट करून दिली."

निवेदिताने दिवा लावला.

"तू म्हणालीस राखण करतो."

"मी खोटं बोलले."

"ते कुणी केलं? त्याचे पाय?"

"मी. मी केलं. मला तेव्हा माहीत नव्हतं."

"राक्षस म्हटलं त्याचं मला काही नाही," मिसेस प्रॅट सावकाश म्हणाल्या. "मोठ्या देवळातले लोकही त्याला तसंच म्हणायचे. आई ऐकून घ्यायची. पण पाय का? एवढं अंग होतं, पायच का?"

निवेदिताने खरं ते सांगितलं. "वजनदार पात्र पायातून कोसळलं की बघायला चांगलं दिसतं. म्हणून."

मिसेस प्रॅटनी मान हलवली, जणू हिशेब कळला पण पटला नाही. मग त्या उठल्या, दूध फ्रिजमध्ये ठेवलं आणि वर झोपायच्या खोलीत निघून गेल्या. कोट अंगातच होता.

त्यानंतरचे दोन शनिवार-रविवार निवेदिता रिकाम्या ऑफिसात जाऊन बसली. तिने दुसरा शेवट बनवायला घेतला. राक्षस हरतो, हातातलं शस्त्र टाकतो, एक पाय दुमडतो, मग दुसरा, मांडी घालून बसतो आणि बसल्या जागी त्याचा दगड होतो. जड शरीराला बसवणं कोसळवण्याहून कितीतरी अवघड निघालं. वजन कुठल्या गुडघ्यावर येईल हे बघायला ती स्वतः ऑफिसच्या कार्पेटवर पुन्हा पुन्हा मांडी घालून बसली. दुसऱ्या रविवारी दुपारी नकुल आला. त्याने ते पाहिलं आणि शेजारची खुर्ची ओढून शेवटचं चित्रण काढायची, म्हणजे रेंडरची, सेटिंग्ज लावून दिली.

सोमवारी त्याने दोन्ही शेवट जपानच्या मूळ कंपनीला पाठवले. सोबत लांबलचक पत्र लिहिलं, त्यात आपल्या आईचा आणि बॅनरचाही उल्लेख केला. आठ दिवसांनी उत्तर आलं. ट्रेलरला प्रतिसाद उत्तम आहे. पहिला शेवट कायम ठेवावा. घेतलेल्या कष्टांबद्दल आभार.

निवेदिताने ते तीनदा वाचलं. तिला वाद होईल असं वाटलं होतं, राग येईल, निदान कुणी प्रश्न तरी विचारेल. आभार मानतील असं वाटलं नव्हतं.

तिने नकुलला त्या दृश्याखालून आपलं नाव काढायला सांगितलं. त्याने काढलं. यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं. नोकरी सोडली असती तर व्हिसाही गेला असता, आणि तेवढी हिंमत आपल्यात नाही हे तिचं तिला त्याच दिवशी कळलं. ते कळणंही तिला सोपं गेलं नाही.

दुसरा शेवट ती घरी घेऊन आली. त्या शुक्रवारच्या संध्याकाळपासून मिसेस प्रॅट तिच्याशी भाडं आणि बॉयलर यांखेरीज काही बोलल्या नव्हत्या. तिने लॅपटॉप स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला. "हे गेममध्ये जाणार नाही. कुणीच बघणार नाही. पण मी बनवलंय," ती म्हणाली.

मिसेस प्रॅटनी चष्मा लावला. अराहाबाकी खाली बसला. त्यांनी बोटाने खूण करून पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उजवा गुडघा दुखतोय त्याचा."

"हो. तसाच केलाय."

"माझाही उजवाच दुखतो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "निवेदिता, मला इंटरनेटवर विमानाचं तिकीट काढून देशील? मला बोट लागते. डेस्मंड म्हणायचे विमानाने जाऊ, मी दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणायची."

मार्चमध्ये त्या गेल्या, एकट्या, व्हीलचेअरची मदत न घेता. अकराव्या दिवशी ऑफिसात निवेदिताचा फोन वाजला. लाइन खरखरत होती.

"भाऊ अजून आहे," त्या म्हणाल्या. "ऐकू येत नाही त्याला, पण त्याने मला ओळखलं. आणि मी देवळात गेले. सरपण नाही आता तिथे. दगडाभोवती कठडा केलाय, छप्पर घातलंय."

"चांगलं झालं."

"ऐक तर. लोक नवस लिहायच्या लाकडी पाट्या टांगतात ना, शेकडो आहेत. आणि प्रत्येकीवर तो काढलाय. तुझा. मातीचा, चिरेसारख्या डोळ्यांचा. मी पुजाऱ्याला विचारलं हे काय. तो म्हणाला, गेमचं वेड असलेली पोरं टोकियोहून येतात, ओसाकाहून येतात. गेममध्ये ज्याला ते मारतात त्याच्या पाया पडायला येतात. त्यांच्याच पैशातून छप्पर झालं."

निवेदिता उठून उभी राहिली. खुर्ची मागे टेबलाला आपटली तसं दोघा-तिघांनी वळून पाहिलं.

"पाट्यांवर काय लिहिलंय?" तिने विचारलं.

"परीक्षा. नोकरी. एकीवर लिहिलंय, माझ्या वडिलांना अपघातानंतर पुन्हा उभं राहता येऊ दे. मला राग यायला हवा होता. मी राग घेऊनच गेले होते. काय करू मी त्याचं आता?"

मलाही कळत नाही, निवेदिता म्हणाली. मिसेस प्रॅट म्हणाल्या, ठीक आहे, कॉल महाग पडतो, ठेवते.

चौथा भाग मे महिन्यात आला आणि आधीच्या तिन्हींपेक्षा जास्त खपला. मिसेस प्रॅट त्या फोननंतर आणखी दोन आठवडे राहून परतल्या, त्या खोकला घेऊनच. तो जूनपर्यंत टिकला. निवेदिता त्यांना डॉक्टरकडे नेत राहिली आणि त्या तिच्याशी पुन्हा पहिल्यासारख्या बोलू लागल्या. पुढच्या वर्षी स्लाऊच्या एका कंपनीने तिच्या वर्क परमिटची व्यवस्था केली. मुलांना वाचायला शिकवणारं सॉफ्टवेअर ते बनवायचे. पगार थोडा कमी होता. निघताना नकुलने विचारलं, पाचव्या भागात अराहाबाकीला कसा आणू. ती म्हणाली, त्याला एकदा नुसतं चालू दे.