ससाणा म्हणजे ससाणाच

भाऊजींनी कॅमेरा घेतला त्या दिवसापासून घरात दुसऱ्या कुणाला डोळे उरले नाहीत. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मेहुणीने त्यांचं आजवर पुष्कळ ऐकून घेतलं होतं. आधी बोन्साय, मग होमिओपॅथी, मग दुर्बीण लावून ग्रह. दर वेळी हळकुंड अर्धंच, पिवळेपणा मात्र पुरा.

ती इस्पितळात एक्स-रे काढायची. केसाएवढी चीर नजरेतून सुटली तर डॉक्टरांची बोलणी खायची. भाऊजींच्या लेखी ती 'बटण दाबायची नोकरी'.

त्या रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं ते फोटो दाखवायला. भिंतीवर दोन फुटी चौकट, आत पाण्याच्या टाकीवर बसलेला शिकारी पक्षी, खाली सोनेरी अक्षरं : ससाणा.

"तीन आठवडे गच्चीवर तपश्चर्या केली," भाऊजी म्हणाले.

"तासातासाला चहा वर नेत होते मी," वाढता वाढता ताई म्हणाली. "तपश्चर्या माझ्या गुडघ्यांनी केली."

धाकटी उठून चौकटीजवळ गेली. फोटो चांगला होता, आणि त्याचाच तिला राग आला. मग सवयीने ती वरून खाली बघत गेली. डोळा पिवळाधमक. गळ्यावर मधोमध बारीक काळी रेघ. हा पक्षी तिच्या रोजच्या ओळखीचा होता. एक्स-रे खोलीच्या खिडकीबाहेरच्या झाडावर शिक्र्याची जोडी राहायची, आणि ती डबा खायची तो मांडीवर पक्ष्यांचं पुस्तक घेऊन, त्यांच्याकडे बघतच.

"भाऊजी, ससाण्याचा डोळा काळाभोर असतो. हा शिक्रा आहे."

"ससाणा म्हणजे ससाणाच! मेहुणीबाई, तू आपली हाडांचे फोटो काढ. पक्षी काही श्वास रोखून उभे राहत नाहीत."

सगळे हसले. ताईसुद्धा हसली, ते तिला जास्त लागलं.

"मग पक्षीमंडळाच्या ग्रुपवर विचारा ना. की भीती वाटते?"

भाऊजींनी तिथल्या तिथे फोटो पाठवला. ताक वाढेपर्यंत उत्तर आलं : 'सुंदर फोटो! शिक्रा, यंदाचं पिल्लू. डोळा आणि गळ्याची रेघ बघा.'

भाऊजींनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि मान डोलावली. "बघा, काहीतरी वेगळं आहे हे मी म्हणतच होतो."

"शिक्रा कुठल्याही झाडावर दिसतो, भाऊजी."

"म्हणून तर अवघड! लोकांचं लक्षच जात नाही."

पडलो तरी नाक वर. तिने ताकाचा पेला उचलला.

खिडकीतल्या जोडीची बातमी ताईने फोडली असावी. मंगळवारी सकाळी भाऊजी गळ्यात कॅमेरा अडकवून इस्पितळात हजर. "मादी फांदीवर येऊन बसते म्हणे. जरा खिडकीपासून बाजूला हो."

"आत पेशंट आहे. बाहेर बाकावर बसा, मोकळी झाले की बोलावते."

दोन तास ते प्लॅस्टरमधल्या पायांच्या रांगेत बसले. एका आजोबांनी विचारलं, "तुमचं काय मोडलंय?" भाऊजींनी कॅमेऱ्याचं झाकण काढून पुन्हा लावलं.

तिने हाक मारली तेव्हा फांदी रिकामी होती.

"आता कधी येईल?"

"ते तिलाच ठाऊक."

भाऊजी खांदे पाडून निघाले. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. तिने क्षणभर वाट पाहिली. वाटलं नाही. तिने पुढच्या पेशंटला आत घेतलं.