छत्रीच्या कापडाचा बटवा

मित्रांनो, मी एक जुना बटवा आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मला गुणाकाराचा मनस्वी कंटाळा आहे. का, ते ऐका.

दोघी बहिणी होत्या. थोरली तेव्हा शिवणकाम शिकत होती. मोडक्या छत्रीचं काळं कापड कापून तिनं मला चार खण केले, तोंडाला नाडी ओवली आणि मला धाकटीच्या हातात ठेवलं. "घे छबे, यात खाऊचे पैसे ठेव. रोज एकच खण उघडायचा हं," ती म्हणाली. धाकटीनं ते इतकं मनावर घेतलं की मोठेपणी ती शाळेत गणिताची बाई झाली.

थोरली नोकरीसाठी परदेशी गेली आणि तिकडेच राहिली. इकडे बाईंनी पाकीट घेतलं, मग कार्ड आलं आणि माझी रवानगी झाली ट्रंकेच्या तळाशी, जुन्या स्वेटरांखाली. कसर लागेल या धास्तीनं मी अर्धमेला झालो होतो. आपली कुणाला आठवण नाही, याचं वाईट वाटतंच हो.

एक दिवस झाकण उघडलं. ताईच्या पोटात गाठ निघाली होती, ऑपरेशन ठरलं होतं. बाई चार दिवसांसाठी तिच्याकडे निघाल्या होत्या. साठवलेलं बहुतेक सगळं तिकिटातच गेलं. उरलेले पैसे त्यांनी माझ्या खणांत वाटले, एका दिवसाला एक खण. मला कॉलर असती तर मी ताठ केली असती.

पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. ताई आधीच दवाखान्यात दाखल होती, बाई तिच्या रिकाम्या खोलीवर उतरल्या. वाटेत चहाची किंमत वाचून, आपल्या रुपयांत किती होतात ते बघायला, त्यांनी मनातल्या मनात गुणिले केलं. "बाई गं, एवढ्यात आपल्याकडे आठवड्याची भाजी येते," असं पुटपुटत तशाच वळल्या. पावाला गुणिले, बसला गुणिले. रात्री खाटेवर नाणी मांडून त्यांनी दिवसाचा हिशेब केला आणि उरलेलं पुढच्या खणात सरकवलं. मी फुगत चाललो, बाई मात्र वाळत चालल्या.

दुसऱ्या दिवशी बसच्या तिकिटाला पुन्हा गुणिले झालं. "चालत जाऊ. पाय काय भाड्यानं आणलेत?" म्हणून बाई निघाल्या. सगळे रस्ते सारखेच, सगळ्या इमारती राखाडी. वाट चुकली. दवाखान्याच्या दारात पोहोचल्या तेव्हा भेटीची वेळ संपली होती.

"ऑपरेशन उद्या सकाळी लवकर आहे," नर्स म्हणाली. "पहाटे आलात तर आत नेण्याआधी पाच मिनिटं भेटू देईन."

बाई पायरीवर बसल्या. मला मुठीत घट्ट धरून स्वतःशीच म्हणाल्या, "बसचे पैसे वाचवले आणि ताईची भेट घालवली." मला फार वाईट वाटलं.

पहाटे बस नव्हती. बाईंनी टॅक्सी थांबवली. उतरताना घाईत नाडी अशी ओढली की माझा शेवटचा खण टर्रकन उसवला आणि नाणी सीटवर सांडली.

ताईला ढकलगाडीवर घेतलं होतं. "टॅक्सीनं आलीस? तू?" ती हसली. "केवढ्याला पडली?"

"पाहिलंच नाही, ताई. मूठभर नोटा दिल्या, जास्तीच्या त्यानंच परत केल्या."

"गणिताच्या बाई ना तू?" असं म्हणून ताईनं तिचा हात धरला. ढकलगाडी हलेपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. चौथ्या दिवशी बाई निरोप घ्यायला गेल्या, बसनं. उशाशी ठेवलेला मी ताईला दिसलो. "अगं, हा अजून आहे?" तिनं सुई-दोरा मागवला. नर्स रागावली, पण ताईनं ऐकलं नाही. "मी शिवलाय, मीच दुरुस्त करणार."

घरी आल्यावर बाईंची लेक म्हणाली, "आई, टाकून दे ना हा. हिशेब फोनमध्ये ठेवता येतो." बाईंनी मला ट्रंकेत नाही, हाताशी असलेल्या कप्प्यात ठेवलं.

मित्रांनो, हिशेब खुशाल फोनमध्ये ठेवा, माझी ना नाही. पण उसवलेलं काही दिसलं तर फेकण्याआधी एक टाका घालून बघा. आणि आपलं माणूस वाट बघत असेल, तेव्हा तेवढं गुणिले करू नका. माझा चौथा खण वाकडातिकडा शिवलेला आहे. तो शिवताना ताईचा हात थरथरत होता आणि कापड धाकटीनं धरलं होतं.