गळाला तांब्याभर पाणी

त्रिंबकरावांनी डबा उघडला आणि लगेच बंद केला. स्वयंपाकघरात बायकोचा, मंजुळाबाईंचा, कानोसा घेतला आणि हळूच पुन्हा उघडला. आतले दोन डझन गळ गंजून तांबडेलाल झाले होते.

बत्तीस वर्षं वाळूजच्या कारखान्यात लोखंडावर मुलामा चढवणारा माणूस. गंजाशी सात जन्मांचं वैर. आणि त्याच्याच कपाटात ही तऱ्हा!

लेक मोनिका हर्णैच्या कोळ्यांच्या घरी दिलेली. देवगाव रंगारीत वाढलेल्या त्रिंबकरावांनी छप्पन्नाव्या वर्षी, लेकीच्या सासरी, पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि पार खुळावले. व्याही पुंडलिकरावांनी त्यांना धक्क्यावर बसवून गळ टाकायला शिकवलं. निघताना स्वतःचा डबाच हातात ठेवला आणि बजावलं, "घरी गेलात की गोड्या पाण्यानं धुवा. मग पुसा, तेल लावा."

ज्याच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्याला हे पटावं कसं? एवढ्या समुद्रातून काढलेली वस्तू पुन्हा पाण्यानं धुवायची? त्रिंबकरावांना तो निव्वळ माज वाटला. त्यांनी गळ पंच्यानं पुसले, डबा कपाटात टाकला आणि दोन वर्षं गावभर मासेमारीच्या गप्पा हाणल्या.

आता व्याही पहिल्यांदाच घरी येत होते. फोनवर म्हणाले होते, "डबा बघणार आहे. गळ नीट असतील तर दिवाळीत होडीवर सुरमईला नेतो. ज्याला सांभाळता येत नाही, त्याला मी होडीत घेत नाही." तेव्हापासून त्रिंबकरावांच्या स्वप्नात सुरमईशिवाय दुसरं काही येत नव्हतं. आणि आत्ताच मोनिकाचा फोन आला होता, सासऱ्यांनी नगर सोडलं म्हणून.

गंजलेले गळ पिशवीत ओतून त्यांनी मोटरसायकलला किक मारली. एक गळ डब्यातल्या बुचात असा रुतला होता की निघेचना. तो बुचासकट त्यांनी डब्याच्या तळाशी दडपला होता.

वाळूजला गोकुळचं छोटं वर्कशॉप होतं. गोकुळ एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं गळ ॲसिडात बुडवले, मुलामा चढवला आणि अर्ध्या-पाऊण तासात नव्या नवरीच्या जोडव्यांसारखे चकचकीत करून दिले.

"काका, भट्टीत टाकतो चार घंटे," गोकुळ म्हणाला. "तुमीच शिकवलं ना, कडक पोलाद ॲसिडातून काढलं की भाजायचं, नाय तर पापडावानी मोडतंय."

"लई शानपना करू नको. इवाई वाटंत हायेत," त्रिंबकराव म्हणाले आणि पिशवी घेऊन निघाले.

व्याही आले, चहा झाला. पुंडलिकरावांनी डबा मांडीवर घेतला. एक गळ उचलला आणि उजेडात धरला. मग बोळीत गेले, खिडकीच्या गजाला दोरी बांधली, तिला गळ अडकवला आणि गळाला पाण्याची भरलेली बादली टांगली.

त्रिंबकरावांचा जीव टांगणीला लागला. अर्धा गळासाठी, अर्धा पाण्यासाठी.

कट्!

गळ मोडून बादली धाडकन खाली आली आणि पाणी थेट गटारीकडे निघालं.

"आवं, अजून पाच दिस काढायचेत त्या पान्यावर!" मंजुळाबाई आतून धावत आल्या.

त्रिंबकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता लपवण्यात अर्थच नव्हता. "इवाई, चुकलं माजं," ते म्हणाले. "गळ धुतलेच नव्हते. पानी वाया घालवनं जीवावर आलं. गंजले तवा लाज वाटली, म्हून चमकवून आनले. आन घाईत भाजायचं राहिलं."

पुंडलिकरावांनी बोळीत ओळीनं मांडलेल्या निळ्या ड्रमांकडे पाहिलं. मग डबा पालथा केला. बुचासकट गंजका गळ खाली पडला. पक्कडीनं त्यांनी तो उपटला, पॉलिशपेपरनं घासला आणि पुन्हा दोरीला लावला.

"आता अर्धीच भरा बादली!" मंजुळाबाईंनी दम भरला.

अर्धी बादली टांगली. गळ तसूभरही वाकला नाही.

"गंज वरवरचा होता, व्याहीबुवा," पुंडलिकराव म्हणाले. "घासला की जातो. तुम्ही तो लपवायला गेलात आणि आतलं पोलाद मारलंत. घ्या, आता हा धुवा."

मंजुळाबाईंनी ड्रममधून तांब्या काठोकाठ भरून आणला. त्रिंबकराव तीर्थ दिल्यासारखी धार सोडू लागले.

"ओता हो सगळं!" पुंडलिकराव म्हणाले.

त्रिंबकरावांनी डोळे मिटले आणि ओतलं. पण पाणी जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही. मंजुळाबाईंनी कधीच खाली परात सरकवली होती. पाणी संपताच त्यांनी परात उचलली आणि कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामी केली.

पुंडलिकराव बघतच राहिले. मग पोट धरून हसले.

"सांभाळता येणारं माणूस आहे की या घरात! विहीणबाई, दिवाळीला होडीवर यायचं तुम्ही. सुरमईला." त्यांनी त्रिंबकरावांकडे तिरकं पाहिलं. "बरोबर यांना आणलंत तरी चालेल."

त्रिंबकरावांनी गळ कोरडा पुसला, तेल लावलं, डब्यात ठेवला आणि डबा मंजुळाबाईंच्या हातात दिला.