कापडाखालचा फुगा

तीस वर्षांत बाइंडरांच्या अंगठ्याखाली एकही फुगा टिकला नव्हता. पुठ्ठ्यावर कापड चढवलं की मध्ये कुठेतरी हवा अडकतेच. ती अंगठ्याने मधून कडेकडे रेटत न्यायची, आणि तीही खालचा सरस ओला आहे तोवर. वाळल्यावर कितीही डोकं आपटा, काही होत नाही.

लेक त्यांच्याही वरताण निघाली होती. पानांची शिवण तिने घातली की पुस्तक एक वेळ फाटेल, पण दोरा सुटायचा नाही. तिच्या त्याच उजव्या हातावर उकळत्या सरसाचं भांडं उलटलं. भांड्याचा कान सैल झालाय हे बाइंडरांना ठाऊक होतं. आज बसवू, उद्या बसवू, असं चाललं होतं.

दवाखान्यात तिच्या मांडीची कातडी काढून हाताच्या पाठीवर लावली. सहाव्या दिवशी घरी सोडताना सिस्टरने बजावलं, "काका, कातडी अजून नुसती टेकलीय. पट्टी भिजवून हळूच सोडवायची. खाली पाणी साचलेलं दिसलं तर दाबायचं नाही. तसंच उठून इकडे यायचं."

बाइंडरांनी मान डोलावली. ऐकलं त्यांनी सगळं. पण अंगठ्याला कुठे कान असतात?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पट्टी सोडवली. लेक भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला तो हात बघवत नसे. कातडी गुलाबी दिसत होती. फक्त तर्जनीच्या मुळाशी वाटाण्याएवढा फुगा आला होता. बाइंडरांनी विचार केलाच नाही. अंगठा टेकवला, मधून कडेला नेला. कडेने पाणी आलं, कातडी सपाट झाली.

"बघ, कसं छान बसलं!"

लेकीने वळून पाहिलं. "बाबा, दाबलंत?"

"अगदी हलक्या हाताने गं."

"दवाखान्यात दाखवून येऊ या का?"

"आता बसलंय ना? उगाच कशाला तिथे ताटकळायचं?"

तिसऱ्या दिवशी पट्टीला वास येऊ लागला. डॉक्टरांनी पट्टी उघडली, तर त्या बोटाच्या मुळाशी कातडी काळी पडली होती.

"ही रेटली गेलीय. कोणी दाबली?"

"झोपेत माझाच हात पडला," लेक म्हणाली.

पोरगी आपल्याला पाठीशी घालतेय, आणि आपण खुशाल घालून घेतोय, याने बाइंडरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढी काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "आता दुसऱ्या मांडीची घेऊ. पण हे बोट पूर्वीसारखं मिटेल, असं काही मी सांगत नाही."

"माझी घ्या की. हवी तेवढी घ्या."

"दुसऱ्याची टिकत नाही, काका. तिचीच लागते."

"अहो, पण दाबली मी! या अंगठ्याने दाबली!"

डॉक्टरांनी एकदा अंगठ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदावर लिहू लागले. लेकीने डाव्या हाताने बाबांचा हात खाली घेतला.

"असू द्या, बाबा. मी इथे आहे तोवर त्या भांड्याचा कान तेवढा बसवून घ्या."

बाइंडर हो म्हणाले. मग ती आत गेली आणि ते बाकावर बसले. आज सकाळी दवाखान्यात यायच्या आधी त्यांनी त्याच भांड्यात सरस उकळला होता. सैल कान फडक्याने धरून.